राजवाडे यांचे दप्तर आणि धुळे

१/ ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती भूतकाळ. पारतंत्र्यात हे मर्म ओळखून आयुष्यभर कागद जमविणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची अखेर धुळ्यात झाली. सत्तापद नसतानाही महाराष्ट्राच्या राजकीय विचारावर खोल ठसा उमटविणाऱ्या या संग्राहकाविषयी हा धागा.

२/ मराठ्यांचा इतिहास म्हणून तेव्हा प्रमाण मानला जाई तो ग्रँट डफचा, १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. डफ हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. म्हणजे जितांचा इतिहास जेत्याने लिहिलेला. त्याला उत्तर द्यायचे तर अस्सल पत्रांनीच, ही राजवाड्यांची भूमिका.

३/ वाईला एरंडे यांच्या घरी त्यांना जुन्या पत्रांचा मोठा साठा मिळाला. त्यातून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. काळ १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतचा. प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी डफ आणि बखरी, दोहोंनाही पत्रांच्या कसोटीवर पारखले.

४/ मग गावोगाव भ्रमंती सुरू झाली. जुनी घराणी, मठ, माळ्यांवर धूळ खात पडलेले मोडी कागदांचे रुमाल. ‘साधनां’चे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले.

५/ परंतु कागद निःपक्षपाती असले, तरी त्यांचा अर्थ लावणारा तसा असतोच असे नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या राजवाड्यांच्या विधानांना प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदण्डाचा टणत्कार’ लिहून खरमरीत उत्तर दिले. परकीय सत्तेविरुद्ध उगारलेले इतिहासाचे शस्त्र जातीजातींतही चालू लागले होते.

६/ ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात निवर्तले. दप्तरांची वाताहत होण्यास मालकाचा मृत्यू पुरेसा असतो. माळ्यांवरचे ते रुमाल याचीच साक्ष देत होते. येथे मात्र तसे घडले नाही. १९२७ मध्येच धुळ्यात भास्कर वामन भट आदींच्या पुढाकाराने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळाने त्यांचा संग्रह सांभाळला, अप्रकाशित लेखन प्रसिद्ध केले आणि ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले.

७/ राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष आज टिकत नाहीत. त्यांचा ब्राह्मणाभिमान तर उघडच दिसतो. तरीही त्यांनी छापलेली पत्रे त्यांच्या विरोधकांनाही तितकीच उपलब्ध आहेत. त्यांचे मत खोडून काढण्याचे साधन त्यांनीच मागे ठेवले. एका माणसाचे दप्तर सार्वजनिक ठेव झाले, हे श्रेय धुळ्याचे.