तटाबाहेरचा दस्तऐवज

इतिहास कोणाच्या वस्तू जपतो? सरदाराची तलवार संग्रहालयात जाते. झाडणाऱ्याचा खराटा उकिरड्यावर जातो. या रूढ न्यायाला पॅरिसमधील एका छायाचित्रकाराने छेद दिला. त्याचे नाव युजेन आत्जे (१८५७–१९२७).

लहानपणीच पोरका झालेला, पुढे खलाशी, मग नट. रंगभूमीवर जम बसेना तेव्हा त्याने कॅमेरा हाती घेतला. अवजड कॅमेरा आणि काचा वाहत तो सुमारे तीस वर्षे रस्त्यांवरून हिंडला. दुकानांच्या पाट्या, गाड्या, दारांच्या कड्या त्याने टिपल्या. त्यांतून साठ-साठ चित्रांचे सात संग्रह रचले. १९१५ पर्यंत ते राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाले.

त्यांपैकी एक 'झोनिए'. पॅरिसच्या तटाबाहेर बांधकामास बंदी असलेला लष्करी पट्टा होता; तिथे चिंध्या वेचणारे राहत. शहराचा कचरा त्यांनी उपसावा, पण शहरात त्यांना घर नसावे! गावकुसाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मात्र एक भेद विसरता कामा नये: तिथे दारिद्र्य होते, जन्माने चिकटलेली अस्पृश्यता नव्हती.

आत्जेने त्यांची खोपटी, त्यांच्या गाड्या व्हर्सायच्या राजोद्यानाइतक्याच निगुतीने टिपल्या. १९१९ पासून तट पाडला गेला, पुढे वस्तीही उठली, चित्रे राहिली. आपल्या चित्रांना तो 'दस्तऐवज' म्हणे.

येसकराची काठी, खराटा, मैल्याची पाटी आपणही अशीच जपली पाहिजे. दैन्याच्या प्रदर्शनासाठी नको, पुरावा म्हणून हवी. पुरावा नसला की अन्याय करणारा म्हणतो, असे काही घडलेच नव्हते.