जेस्टोर

जेस्टोर हा विद्वत्तापूर्ण नियतकालिके, ग्रंथ आणि प्राथमिक साधने यांचा अंकीय संग्रह आहे. 'जर्नल स्टोरेज' या इंग्रजी शब्दांवरून हे नाव तयार झाले. इथाका ही ना-नफा तत्त्वावरील अमेरिकी संस्था तो चालवते. विद्यापीठ ग्रंथालयांमार्फत इतिहासविषयक लेख मिळवण्याच्या प्रमुख साधनांत त्याची गणना होते.

इतिहास

१९९० च्या दशकात नियतकालिकांच्या जुन्या अंकांसाठी ग्रंथालयांना जागा अपुरी पडू लागली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी हे अंक संगणकावर साठवण्याची कल्पना मांडली. अर्थशास्त्र व इतिहास या विषयांतील दहा नियतकालिकांपासून प्रायोगिक काम सुरू झाले. १९९५ मध्ये जेस्टोर स्वतंत्र संस्था बनली व २००९ मध्ये इथाकात विलीन झाली.

इतिहास संशोधनातील उपयोग

भारतीय इतिहास परिषदेची कार्यवृत्ते, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे 'ॲनल्स' आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' यांचे अंक या संग्रहात आहेत. लेखांच्या संपूर्ण मजकुरात शब्दशोध घेता येतो. लेखक, कालखंड आणि विषय यांनुसार निकाल मर्यादित करता येतात. मात्र जुन्या इंग्रजी लेखनात 'पुणे' ऐवजी 'पूना', 'मराठा' ऐवजी 'महरट्टा' अशी रूपे आढळतात. त्यामुळे एकाच रूपाने शोध घेतल्यास महत्त्वाचे लेख सुटू शकतात.

मर्यादा

अनेक नियतकालिकांचे अलीकडचे, सामान्यतः तीन ते पाच वर्षांचे, अंक संग्रहात नसतात. दरवर्षी ही मर्यादा एका वर्षाने पुढे सरकते. नवे लेख प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर किंवा 'हिस्टॉरिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' सारख्या सूचींच्या आधारे शोधले जातात. या सूचीत अमेरिका व कॅनडा वगळता जगाच्या १४५० नंतरच्या इतिहासावरील लेखनाची नोंद असते. जेस्टोरवरील बहुतांश साहित्य इंग्रजीत असल्याने, मराठ्यांच्या इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारखी मराठी नियतकालिके स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

उपलब्धता आणि वाद

वर्गणी भरणाऱ्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना संस्थेच्या जाळ्यावरून अथवा ग्रंथालयाच्या खात्यातून प्रवेश मिळतो. विद्यापीठाबाहेरील अभ्यासक मात्र या सोयीपासून दूर राहतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या जाळ्यातून मोठ्या संख्येने लेख उतरवल्याबद्दल २०११ मध्ये ॲरन स्वार्ट्झ या संगणकतज्ज्ञावर आरोप ठेवण्यात आले. जेस्टोरने त्याच्याशी समझोता केला, तरी सरकारी खटला चालू राहिला. सुनावणीपूर्वीच, जानेवारी २०१३ मध्ये, त्याने आत्महत्या केली. या घटनेने संशोधनाच्या खुल्या उपलब्धतेची चर्चा तीव्र झाली.

सप्टेंबर २०११ मध्ये जेस्टोरने अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि इतरत्र १८७० पूर्वी प्रकाशित झालेले नियतकालिक-लेख सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पुढे नोंदणीकृत व्यक्तींना दरमहा ठरावीक लेख विनाशुल्क वाचण्याची सोयही देण्यात आली.