एमडीची वंशावळ

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नशेचा इतिहास शोधू लागलो, तर आपण आधी झाडांपाशी पोहोचतो. ताडाची ताडी आणि मोहाची दारू या इथल्या जुन्या गोष्टी. आज पालघर जिल्ह्यात असलेला हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने ताडी-दारूवर पकड बसवली आणि 1892 च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. झाडावर पहारा ठेवला की नशा आटोक्यात राहील, असा तो हिशेब होता. तो चुकवणारे रेणू मात्र त्याच सुमारास परदेशातल्या प्रयोगशाळांत घडू लागले होते.

1887 मध्ये बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनु या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने ॲम्फेटामिन तयार केले. 1893 मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी इफेड्रिनपासून मेथॲम्फेटामिन बनवले. मग 1929 मध्ये सांचेझ नावाच्या संशोधकाने फ्रेंच रसायन-नियतकालिकात मेफेड्रोनची नोंद केली. येमेन-इथिओपियात ज्याची पाने चघळतात, त्या खात झुडपातील कॅथिनोनचा हा भाऊबंद. नोंद झाली आणि विसरलीही गेली. सात दशकांनी, 2003 च्या सुमारास, चोरवाटेने काम करणाऱ्या रसायनज्ञांनी मेफेड्रोन पुन्हा उकरून काढले. झाडांचे खाद्य असल्याची बतावणी करत ते इंटरनेटवर विकले गेले. एप्रिल 2010 मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. मुंबईच्या गल्ल्यांत ते ‘एमडी’ आणि ‘म्याव म्याव’ झाले, तरी आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत त्याचे नाव चढायला फेब्रुवारी 2015 उजाडावा लागला.

या पावडरीने मेंदूतील पेशी मरतात का, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे. 1970 च्या दशकात शिकागोत सायडन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेथॲम्फेटामिन दिलेल्या माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन दीर्घकाळ घटलेले राहते. पुढे कारण उलगडत गेले. हे द्रव्य चेतापेशीतील साठ्याच्या पिशव्यांमधून डोपामिन बाहेर काढते. मोकळ्या डोपामिनचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निर्माण झालेले विषारी रेणू चेतातंतूंची टोके जाळतात. शरीराचे तापमान चढले तर हानी वाढते. 2002 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या रिकॉर्ट यांनी एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, माकडांच्या डोपामिन-पेशींना घातक ठरते, असा निबंध ‘सायन्स’मध्ये छापला. पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला; बाटलीवर लेबल एमडीएमएचे होते, आत होते मेथॲम्फेटामिन. मेफेड्रोनची पाळी 2012 मध्ये आली. डेट्रॉइटच्या प्रयोगात उंदरांच्या डोपामिन-टोकांना त्याने इजा केली नाही. परंतु 2013 मध्ये त्याच प्रयोगशाळेला आढळले, की मेथॲम्फेटामिन किंवा एमडीएमएच्या जोडीने दिल्यास ते त्यांची हानी वाढवते. 2014 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी उबदार खोलीत उंदरांना वारंवार मात्रा दिल्या, तेव्हा एकट्या मेफेड्रोननेही इजा केली.

आता आपण परत डहाणूच्या किनाऱ्यावर येऊ. जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि रासायनिक उद्योगांना तिथे आडकाठी झाली. पण दक्षिणेला तारापूर आणि उत्तरेला वापी हे रसायनांचे पट्टे वाढतच राहिले, आणि त्यांच्यामधला महामार्ग चारोटी, तलासरी, आच्छाड असा गुजरातेत उतरतो. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने पालघर जिल्ह्यातल्याच नालासोपाऱ्यात सुमारे 700 किलो मेफेड्रोन पकडले. तपासाचा धागा गुजरातेतल्या अंकलेश्वरपर्यंत गेला आणि तिथे आणखी 513 किलो सापडले. ही दोन्ही गावे याच महामार्गाच्या पट्ट्यातली.

कायदा मेफेड्रोनची दोन ग्रॅमपेक्षा कमी मात्रा अल्प आणि पन्नास ग्रॅमहून अधिक मात्रा व्यापारी मानतो. मेंदूतल्या पेशींचे नुकसान मात्र नुसत्या वजनावर ठरत नाही. सोबत दुसरे काय घेतले, हवा किती तापलेली होती आणि मात्रा किती वेळा घेतली, हेही मोजावे लागते. डेट्रॉइटच्या उंदरांना शुद्ध मेफेड्रोन मिळाले होते. रस्त्यावर पुडी घेणाऱ्याला आत काय मिसळले आहे हे कळत नाही, आणि किनाऱ्यावरचा दमट उकाडा त्याच्या हाती नसतो. म्हणून 2012 च्या त्या निष्कर्षाचा दिलासा त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला लागू पडतात ते पुढच्या दोन वर्षांतले निष्कर्ष.