दाढीच्या पुटकुळ्या

दाढी केल्यानंतर एक-दोन दिवसांत गळा, हनुवटीखालचा भाग व जबड्याची कड येथे उठणारे, खाजणारे वा दुखणारे पुरळ. वैद्यकात यास ‘सूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. जंतुसंसर्ग किंवा नायटा यांमुळे दाढीत येणाऱ्या फोडांहून हा विकार वेगळा असून त्याचे कारण रुग्णाचा स्वतःचाच केस हे होय. पुटकुळ्या खाजवल्याने वा फोडल्याने जंतुसंसर्ग मागाहून होऊ शकतो.

कारणे : जॉन स्ट्रॉस व ॲल्बर्ट क्लिग्मन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1956 मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. कुरळ्या केसाचे मूळ त्वचेत वाकडे बसलेले असते. ब्लेडने तिरपा कापलेला असा केस टोकदार होतो, थोडा वाढला की वळतो आणि शेजारच्या त्वचेत पुन्हा शिरतो. दुसऱ्या प्रकारात केस बाहेर येतच नाही. त्वचा ताणून वा उलट्या दिशेने दाढी केली असता कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली सरकतो व आतल्या आतच केशपुटकाची भिंत भेदतो. दोन्ही प्रकारांत शरीर त्या केसास काट्याप्रमाणे परके मानते. त्यामुळे सूज येते. एकापेक्षा अधिक पाती असलेल्या रेझरमध्ये (पहिला दुपाती रेझर 1971 मध्ये बाजारात आला) पुढचे पाते केस ओढते आणि मागचे तो कापते, असे सांगितले जाते. जाहिरातींत मिरवली जाणारी गुळगुळीत दाढी ती हीच. केराटिनच्या एका जनुकातील बदलाचा या विकाराशी संबंध असल्याचे 2004 मध्ये दाखवण्यात आले.

प्रसार : आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत प्रमाण सर्वाधिक, निरनिराळ्या पाहण्यांत ते 45 ते 83 टक्के दिले जाते. सरळ केसांच्या लोकांत कमी.

सैन्य व न्यायालये : या विकाराविषयीची बरीचशी माहिती अमेरिकी सैन्यातून आली आहे. तेथे गुळगुळीत दाढी सक्तीची असल्याने पीडित सैनिकांस वैद्यकीय सूट घ्यावी लागते. हवाई दलाने 2020 मध्ये ही सूट पाच वर्षांपर्यंत वाढवली. 2025 मध्ये संरक्षण खात्याने धोरण पुन्हा कडक केले. खुरट्या दाढीमुळे वायुमुखवट्याची पकड कितपत सुटते, याविषयी एकमत नाही. नागरी क्षेत्रात 1993 मध्ये दोन अपील न्यायालयांचे निकाल परस्परविरुद्ध दिशांनी लागले. नेब्रास्कातील पिझ्झा विक्रेत्याचा दाढीबंदीचा नियम कृष्णवर्णीयांवर विषम परिणाम करणारा व व्यवसायास अनावश्यक ठरला. अटलांटाच्या अग्निशामक दलाचा तसाच नियम मात्र श्वसनयंत्राच्या सुरक्षेसाठी ग्राह्य धरला गेला.

प्रतिबंध : खात्रीचा उपाय म्हणजे दाढी वाढू देणे. सुरुवातीच्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो. पुढे केस सुमारे 1 सेंटिमीटर वाढला की स्वतःच्या ताणाने त्वचेतून सुटतो. ज्यांना दाढी ठेवता येत नाही त्यांनी ट्रिमरने 1 मिलिमीटरच्या आसपास खुंट राखावेत. ब्लेडच वापरायचे झाल्यास दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजवावे, फेस चांगला मुरू द्यावा, एकच पाते केसांच्या वाढीच्या दिशेने हलके फिरवावे, त्वचा ताणू नये, प्रत्येक फटक्यानंतर पाते धुवावे. गळ्यावरील केसांची दिशा ठिकठिकाणी बदलते. ती आधी बोटाने चाचपून घ्यावी. आपल्याकडे सलूनमध्ये सुलटा हात मारून झाला की विचारल्यावाचून उलटा हात मारण्याची रीत आहे. ज्याला पुटकुळ्या येतात त्याने खुर्चीत बसतानाच ‘उलटा हात नको’ असे सांगावे; पाते नवे लावून घ्यावे हे निराळे सांगणे नको. दाढी रोज करावी की दिवसाआड, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

रुतलेला केस निर्जंतुक सुईने टोकाशी उचलून मोकळा करावा, मुळापासून उपटू नये. उपटल्यास नवा केस आतच रुतण्याची शक्यता असते. तुरटीने रक्त थांबते. पुटकुळ्या थांबत नाहीत. अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह सुजलेल्या त्वचेवर झोंबते.

रासायनिक केशनाशके (बेरियम सल्फाइडची भुकटी, थायोग्लायकोलेटची क्रीम) केसाचे टोक बोथट करतात, पण वेळ जास्त झाला तर त्वचा भाजते. हातावर चाचणी केल्याशिवाय ती चेहऱ्यास लावू नयेत. डॉक्टर ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक आम्ल, बेंझॉइल पेरॉक्साइड वा एफ्लॉर्निथिन देतात. सावळ्या व काळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो. लेझरने केस कमी होतात. आधीचे वण वा किलॉइड जात नाहीत.

स्त्रियांत : काख, जांघ, पाय व हनुवटी येथे आढळतो; प्रतिबंध तोच.