जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकण्याआधी

घरचा राऊटर एकदा कपाटावर गेला की बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. कंपनी काही वर्षांत अपडेट थांबवते, सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात. त्याच वायफायवर अब्बूंचे यूपीआय आणि मुलांचा अभ्यास चालतो.

ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवरचे मोफत फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतले मूळ सॉफ्टवेअर. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरचा कोड जीपीएल परवान्यामुळे खुला झाला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला.

खरी काळजी टाकण्याआधी घ्यायची. राऊटरच्या तळाशी मॉडेल आणि व्हर्जन छापलेले असते. नाव तेच असले तरी व्ही१ आणि व्ही२ मध्ये आतली चिप वेगळी असू शकते. प्रकल्पाच्या हार्डवेअर यादीत दोन्ही जुळले तरच पुढे जा. फ्लॅश ८ एमबी आणि रॅम ६४ एमबीच असेल तर नाद सोडा. १६ आणि १२८ असलेले बरे. इंटरनेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्याला हात लावू नका, आपला राऊटर त्याच्यापुढे जोडा.

पहिल्यांदा बहुतेक राऊटरना 'फॅक्टरी' फाइल लागते, 'सिसअपग्रेड' नंतरच्या अपडेटसाठी. काही मॉडेलची रीत वेगळी असते, ती त्या मॉडेलच्या पानावर वाचा. काम वायफायवरून नको, लॅन केबलनेच करा. मध्येच लाइट गेली तर राऊटरची वीट होते, म्हणून इन्व्हर्टरवर लावा.

नंतर वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका, सुरुवातीला ते बंदच असते. ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, नाव 'रूट', पासवर्ड रिकामा. आधी पासवर्ड ठेवा, मग देश भारत आणि वेळ आशिया/कोलकाता निवडून वायफाय चालू करा. फायबरच्या डब्याचा पत्ताही हाच असेल तर इंटरनेट येणार नाही. आपल्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा.

मुलांसाठी वॅनच्या सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते. फायरवॉलच्या नियमात ठराविक फोनचे नेट रात्री ११ नंतर बंद ठेवता येते, मात्र त्या फोनमधला 'रँडम मॅक' घरच्या वायफायपुरता बंद करावा लागतो. आधीच चालू असलेला व्हिडिओ लगेच तुटेलच असे नाही. आणि रमजानमध्ये सहरीची वेळ मोकळी सोडा, नाहीतर पहाटे सगळे घर तुमच्यावर ओरडेल. मोबाइल डेटावर मात्र यातले काही चालत नाही आणि व्हीपीएनवर डीएनएसची अडवणूक चालत नाही. तिथे मुलांशी बोलावेच लागते.