नगराची वीज आणि गांवाचें शेत

१९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज मिळूं लागली. लोणावळ्याच्या तलावांत सांठविलेलें पावसाळी पाणी नळांतून घाटाखालीं उतरवावें आणि त्याच्या जोरावर चक्रें फिरवावीं, अशी ही योजना. धूर नाहीं, कोळसा नाहीं. शाळेंत मीं तिचे गोडवे गाइले. तिच्या पाठोपाठच्या मुळशीचें नांव घ्यावयाचें मात्र राहूनच गेलें. त्याच नगराच्या विजेसाठीं मुळशी पेट्यांतील शेतें बुडूं लागलीं, तेव्हां १९२१ मध्यें तेथें सत्याग्रह झाला. सेनापति बापट त्याचे अग्रणी होते. धरण तरीही झालें.

पुढें २०२४ सालीं सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी हें राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरलें. दिवसा छपरावर निपजलेली जादा वीज तारांवाटे जमा करावी, रात्रीं तेथूनच परत घ्यावी. वर्षाअखेर जमाखर्च जुळला म्हणजे गांव स्वावलंबी झालें.

आमचें वाशीम ही वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. येथें घाट नाहीं, धबधबा नाहीं. ऊन मात्र मुबलक. तेव्हां हा जमाखर्च आपल्या गच्चीवरही मांडावा. रात्रीच्या उसनवारीसाठीं कोठें तरी कोळसा जळतो, हें त्यांत लिहावें. आणि कोणाचें शेत गेलें, हा रकाना कोरा राहील असें पाहावें.