ऊमरा कापूस

दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावाचा कापूस विकला जायचा. हे ऊमरा म्हणजे आपली अमरावती. इंग्रज तिला 'ऊमरावती' लिहायचे, व्यापाऱ्यांनी तिचं शेपूट तोडलं. माल खामगावचा असो की अकोल्याचा, नाव हेच. पिकवणाऱ्याला ते कदाचित ठाऊकही नसेल, पण त्याचा भाव त्याच नावावर निघत होता.

मागणी-पुरवठा शिकवताना आपण कांद्या-टोमॅटोचं उदाहरण देतो. वऱ्हाडातल्या मुलांना त्याऐवजी १८६१ ते १८६५ ही वर्षं शिकवावीत, असं मला वाटतं.

विलायतच्या गिरण्यांना लागणारा सुमारे चार-पंचमांश कापूस तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून यायचा, गुलामांच्या कष्टातून. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली. लिव्हरपूलला सात पेन्सच्या आसपास मिळणारा पौंडभर अमेरिकन कापूस १८६४ मध्ये तीस पेन्सच्या वर गेला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. निजामाने १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलेलंच होतं. पऱ्हाटीला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत त्याच पैशावर बँका आणि शेअरचा जुगार उभा राहिला.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळले, जुलैत मुंबईचा फुगा फुटला. गंमत अशी, की नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. म्हणजे चढ्या भावाचा कापूस बैलांवर गेला आणि उतरत्या भावाचा आगगाडीने. शेतकरी पेरतो गेल्या हंगामाचा भाव बघून आणि विकतो येणाऱ्या हंगामाच्या भावाने. मधल्या वेळात अर्धं जग बदललेलं असतं.

भाव चढला तेव्हा सगळेच सुखी होते असंही नाही. कोष्टी, साळी, मोमीन यांना कापूस विकायचा नव्हता, सूत विकत घ्यायचं होतं. वऱ्हाडचं सोनं म्हणताना आपण ह्या घरांची आठवण ठेवत नाही. ह्या भागाचे कॉटन कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांनी तर उघडच लिहिलं होतं, की रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आलं तर इथले विणकर शेतमजुरीला मोकळे होतील आणि कापूस बाहेर पाठवता येईल. मागणी आपोआप उगवते असं पुस्तक म्हणतं. इथे एक अधिकारी ती कागदावर आखत होता.

पुस्तकातल्या बाजारात अनेक विकणारे आणि अनेक घेणारे असतात, कुणा एकाच्या हाती भाव नसतो. वऱ्हाडात विकणारे अनेक होतेच. पण सारा रोख भरायचा, हप्त्याची तारीख ठरलेली, सावकाराचं व्याज वेगळं. काहींचं उभं पीक वेचणीआधीच गहाण पडलेलं. अशा माणसाची गाडी बाजारात आली की ती परत जाणार नाही, हे अडत्याला माहीत असतं. मापात मारलं, भलतीच कटौती केली, तरी तो बोलणार कुठे? १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. अडते आणि मापारी परवान्याखाली आले, बाजारावर समिती बसली. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. त्या समितीत वजन मात्र व्यापाऱ्यांचंच होतं.

दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. आता रेल्वे होती, धान्य बाहेरून येऊ शकत होतं. पण पीकच नाही म्हणून वेचणी नाही, वेचणी नाही म्हणून मजुरी नाही. ज्वारी दुकानात असेल, तरी ज्याच्या मुठीत पैसा नाही त्याची भूक बाजाराच्या हिशेबात मागणी म्हणून धरलीच जात नाही. वर्गात ही एक ओळ समजावायला मला पूर्ण तास लागतो.

२०२२ च्या सुरुवातीला आपल्याकडे कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. एप्रिलमध्ये सरकारने आयातशुल्क उठवलं. पुढच्या हंगामात भाव खाली आले, तरी गेल्या वर्षीचा आकडा मनात धरून अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. ज्यांचं देणं थांबू शकत होतं ते थांबले, बाकीच्यांनी दिवाळीआधीच गाडी भरली. थांबलेल्यांच्या घरात खोलीभर कापूस आणि उरलेल्या जागेत माणसं. अंगाला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. भाव कधी वाढेल, हे तेव्हा मला वर्गातल्या पोरांनी विचारलं. मी त्यांना ऊमराची गोष्ट सांगितली. एका पोराने विचारलं, "सर, मग आमचे अब्बू आता विकू की नको?"